आवणीची रोपं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही, देवापुढेही नाही. तुला सांगते. बोलून जमलं नसतं — चार माणसांत माझा आवाज फुटत नाही. शिक्षण चौथीपर्यंत, अक्षर वेडंवाकडं. पण लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही.

गाडीपासून सुरू करते. ते सोपं आहे.

जव्हारला मी लोकांच्या घरी स्वयंपाक करायचे, तेव्हाची गोष्ट. ठाण्याचे एक काका-काकू आले. काका नोकरीतून निवृत्त झालेले. एका पांढऱ्या टेम्पोत त्यांनी घरच करून घेतलं होतं — मागे पलंग, कोपऱ्यात शेगडी, पाण्याची टाकी, खिडकीला पडदे. आठ दिवस डोंगर आणि धबधबे बघत हिंडायचं होतं. भाकरी करायला, वाट दाखवायला बाई हवी होती. नवरा जा म्हणाला, मी गेले.

माणसं चांगली होती. हे आधीच लिहून ठेवते, कारण त्यांच्याबद्दल मी नंतर काय बोलले ते पुढे येणार आहे. डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसली तरी काका गाडी थांबवायचे. मला ते दोघं पुढे, आपल्या मध्ये बसवायचे.

सूर्यमाळला दोन दिवस पाऊस कोसळत होता. पलंगावरच्या पांढऱ्या चादरी मी धुतल्या होत्या. वाळणार कुठे? गाडीतच दोरी बांधली, शेगडीच्या उबेला धरून धरून वाळवल्या. शेवटच्या दिवशी सकाळी अंथरल्या, कोपरे ताणून. काकू म्हणाल्या, "हॉटेलवाले तुझ्यापुढे काय गं!" मला फार बरं वाटलं.

चादरींचं एवढं का सांगते? सांगावं लागतं.

त्या दिवशी परतायचं होतं. आधी मोखाडा, मग जव्हारला मला सोडून ते ठाण्याला. वायपर चालू होता तरी समोरचं धड दिसत नव्हतं. एका वळणाच्या बऱ्याच आधी, पाड्याकडून येणारी पायवाट रस्त्याला मिळते तिथे, चार माणसं उभी होती. दोघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला गोधडीची झोळी, वर प्लास्टिकचा कागद.

डोली. आमच्याकडे कोणाला विचारावं लागत नाही. पाड्यापर्यंत गाडी जात नाही, मग आजारी माणसाला असं रस्त्यावर आणतात आणि पहिली येईल ती गाडी थांबवतात. भरलेली जीपसुद्धा थांबते. लोक टपावर चढतात, आतली जागा डोलीला देतात.

काकांना हे कुठून कळणार? त्यांनी वेग कमी केला. "काय गं ते? थांबू का?"

झोळी कशी लोंबत होती त्यावरून मला कळलं होतं — अडलेली बाई आहे. आणि मनात पहिलं काय आलं? चादरी. चिखल, रक्त, चादरी. दुसरं काही आलं नाही.

"नको काका," मी म्हणाले. "आवणीची रोपं आहेत, भाताची. पावसात अशीच झाकून नेतात."

एका माणसाने हात वर केला. काकू म्हणाल्या, "अहो बघा, टाटा करतायत!" आणि त्यांनीही काचेतून हात हलवला.

गाडी जवळून गेली तेव्हा त्या माणसाचं तोंड दिसलं. मी काकूंच्या आड होते, त्याला दिसले नाही. काशीचा नवरा. काशी आणि मी — चौथीपर्यंत एका तरटावर बसलो होतो. तिला दिवस भरत आले होते, हे मला माहीत होतं.

वळण अजून पुढे होतं. काका, थांबा — दोन शब्द. मी लाजरी आहे म्हणून गप्प बसले, असं म्हणू का? खोटं बोलायला तर तोंड उघडलं होतं.

वळण आलं. मोखाड्याला काकूंनी भजी घेतली. दवाखाना त्याच रस्त्याला होता. मी भजी खाल्ली. गरम होती.

दुपार कलल्यावर त्यांना जीप मिळाली. काशी वाचली. मुलगी मेलेली जन्मली. हे मला महिनाभराने मोखाड्याच्या बाजारात काशीनेच सांगितलं, मिरच्या निवडता निवडता. मी त्या गाडीत होते हे जव्हारला चार घरांत माहीत होतं, तिच्या पाड्यावर नव्हतं.

"पांढरी गाडी व्हती," ती म्हणाली. "यानं हात केला, तं आतल्या बाईनं बी हात हालवला नं गेली! आपून चौथी शिकलेल्या. ती कालेज शिकली असंल, तिला डोली कळंना?"

आणि हसली. काशी अशीच आहे, रडायचं तिथे हसते.

मी म्हणाले, "शहरातली माणसं. तशीच असतात."

गाडीतलं खोटं घाईत निघालं, असं म्हणता आलं असतं. पण बाजारात कसली घाई होती? हातात मिरच्या होत्या, दिवस होता, समोर काशी होती. तरी ज्यांनी थांबू का विचारलं होतं त्यांच्यावर मी ते ढकललं. त्या दोघांनाही काही माहीत नाही. रोपं नेणारी माणसं त्यांना आठवत असतील, तर चांगलीच आठवत असतील.

काशीला पुढे दोन मुलगे झाले. किती मुलं विचारलं तर ती तीन सांगते.

दर वर्षी पावसाच्या सुरुवातीला ती माझ्यासाठी शेवळं आणते, रानातली भाजी, फडक्यात गुंडाळून. पैसे घेत नाही. तुला आवडतात म्हणून आणली, म्हणते. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो. मी काकडाची आंबट फळं घालून नीट शिजवते. घसा खाजत नाही. जेवते. ताट धुऊन ठेवते.