आधी मयताला सांग

आमच्या मेकन गावात काळ्या माणसाला दुकान टाकायचं असेल, तर आधी मयताच्या घरी जावं लागे. हसू नका. बँकेत कर्जाला गेलं की कोटातला गोरा साहेब गोड बोलून दारापर्यंत पोचवायला यायचा, आणि पोचवून आत जायचा. मग उरायची एकच, मिस अर्झुला टिडमोर. बापामागे अंत्यविधीचा धंदा तिने एकटीने चालवला. लग्न केलं नाही, की कुणापुढे मान खाली घातली नाही. माणसं काही मरायची थांबत नाहीत, त्यामुळे तिच्या हातात पैसा खेळता असायचा. चर्चमध्ये उकडायला लागलं की आम्ही ज्या पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घ्यायचो, त्यांच्यावरसुद्धा तिच्या धंद्याचंच नाव छापलेलं.

लोकांच्या जिभेला काय, हाड असतं का? ‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाते’ म्हणायचे. आणि म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांची दुकानं तिच्याच पैशावर उभी! बरं, नुसते पैसे देऊन ती सोडत नसे. दफनानंतरच्या जेवणाला नव्या दुकानदाराला दंडाला धरून न्यायची. एका हातात तळलेल्या कोंबडीची ताटली, दुसऱ्या हातात तो बिचारा, आणि डेट्रॉइट-शिकागोहून मातीला आलेल्या पाहुण्यांपुढे त्याला उभा करायची. म्हणायची, "लग्नाला निम्मे रुसून बसतात. मातीला सगळे येतात. ओळखी करायच्या तर इथं करा."

पण पैशाआधी तिची एक अट असे. मागच्या खोलीत जे कोणी पेटीत निजलेलं असेल त्याच्यापाशी बसायचं, दार लावून घ्यायचं आणि आपला बेत त्याला मोठ्याने सांगायचा. मासे तळणारा क्लिओफस आत गेला तेव्हा दोन हॉटेलं काढणार होता. बाहेर आला तो घामाने निथळत, आणि म्हणाला, "मला एक हातगाडी पुरे." तीच गाडी पुढे हॉटेल झाली, ते सोडा.

मी तिला एकदा विचारलं होतं, "हे असलं का करायला लावता हो लोकांना?"

"जिवंत माणूस मान डोलावतो, कोरीन. मेलेला डोलावत नाही. त्याच्यापुढे खोटं बोललीस की तुझं तुलाच ऐकू येतं."

आता माझं सांगते. मी केसांचं काम करते. मिस ड्रुसिलाच्या दुकानात मी पोरवयापासून होते. केस सरळ करायचा तापलेला लोखंडी कंगवा कसा धरायचा, कान न भाजता मुळापर्यंत कसं जायचं, सगळं तिनेच शिकवलं. पण एका शनिवारी, दुकान बायकांनी भरलेलं असताना, एक गिऱ्हाईक म्हणालं, "माझे केस कोरीनला करू दे." ड्रुसिला फिस्सकन हसली. "कोरीन? ती झाडू बरा मारते." सगळ्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच रात्री ठरवलं, आता स्वतःचं दुकान.

मिस अर्झुलाकडे गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जागा?"

"बघतेय अजून."

खोटं! ड्रुसिलाच्या बरोब्बर समोरचा रिकामा गाळा मी मालकाशी बोलून ठेवला होता. तिच्या निम्म्या गिऱ्हाइकांच्या कानाशीही लागले होते. गाळ्याचं मात्र मालकाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या बायकांनाही नाही. मालक होता अटलांटात, त्याला इथलं कुत्रं ओळखत नव्हतं.

मिस अर्झुलाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सध्या आत कुणी नाही. थांबावं लागेल."

आणि काय सांगू, त्या वसंतात मेकनमध्ये कुणी मरेचना! म्हातारेकोतारे टुणटुणीत. मालक घाई करत होता, महिनाअखेरीस गाळा दुसऱ्याला देतो म्हणाला. शरम वाटते बोलायला, पण अँब्युलन्सचा भोंगा वाजला की माझे कान टवकारायचे.

मग तिच्या भाच्याचा, थिओटिसचा, फोन आला. "आत्या गेली. जेवून खुर्चीत टेकली, ती उठलीच नाही."

मी रडले. खोटं नाही सांगत, पोटातून रडले. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"तिने सांगून ठेवलंय, केस कोरीनने करायचे. एकटीने. आणि करताना आपला बेत तिला मोठ्याने सांगायचा. केस चांगले झाले तर मी तुला दुकानाचे पैसे द्यायचे, बिघडले तर नाही. सगळं चर्च बघेलच, म्हणाली."

"कधी म्हणाली?"

"मंगळवारी." तो म्हणाला. "ठणठणीत होती गं. म्हणाली, कोरीनला आता फार थांबावं लागणार नाही."

मी कंगवा नि चिमटा पिशवीत घातला.

भर दुपारी गेले. थिओटिस खड्डा खणून झाला का बघायला कबरस्तानात निघाला. त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी खिडकीत उभी राहिले. घरात दुसरं कुणी नव्हतं. दार मीच लावलं, कडी मीच घातली.

निळ्या पोशाखात ती निजलेली. मी तिच्या डोक्यामागे बसले, शेगडीवर कंगवा आणि केस वळवायचा चिमटा तापत ठेवला. केस सरळ छान झाले. मग कपाळावरची पहिली बट चिमट्यावर गुंडाळली आणि बोलायला तोंड उघडलं.

"मिस अर्झुला, मला लोकांची सेवा करायची आहे."

चिमटा काढला. बट क्षणभर वळलेली राहिली, आणि मग हळूहळू सुटली. कुणी श्वास सोडावा तशी. कपाळावर सरळ पडली.

चिमटा गार असेल म्हटलं. कागदावर टेकवला, कागद करपला. पुन्हा गुंडाळली. "जागा अजून ठरलेली नाही," मी म्हणाले. पुन्हा सुटली. पंखा बंद, खिडकी बंद, आणि ती बट माझ्या डोळ्यांदेखत उलगडत गेली. तिसऱ्यांदा मी काहीच बोलले नाही, मुकाट्याने चिमटा धरला. तरी सुटली. खोलीत इतकं शांत होतं की मला वाटलं, ती वाट बघतेय.

"काय हवंय तुम्हाला?" मी ओरडलेच. "हो, समोरचाच गाळा घेतलाय मी! मला दुकान नकोय, मला ड्रुसिलाचं दुकान बंद पडलेलं बघायचंय! तिने झाडू घेऊन एकटीने बसलेलं बघायचंय!"

माझंच बोलणं मला ऐकू आलं. कसलं घाण होतं ते! मी खाली फरशीवर बसून हमसाहमशी रडले. मग तोंड पुसलं आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "सोडते तो गाळा. दुसरीकडे बघते."

बट वळली. ती वळलीच. मग दुसरी, तिसरी, सगळ्या. इतके सुंदर केस मी जन्मात केले नव्हते.

थिओटिस आला, बराच वेळ आत्याकडे बघत राहिला. "पुन्हा साठीची दिसतेय," एवढंच म्हणाला, आणि पैसे कधी न्यायचे ते सांगितलं.

चर्च खच्चून भरलं होतं. पेटी उघडी, माणसांची रांग दाराबाहेर. बायका वाकून बघायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, "केस कुणी केले गं?" थिओटिस बोट माझ्याकडे करायचा. दूर सवाना शहरातून आलेल्या बायकांनीसुद्धा माझा फोन नंबर मागून घेतला. बघा, जिवंतपणी तिने दुसऱ्यांसाठी जे केलं, तेच पेटीत पडून माझ्यासाठी करत होती.

मग ड्रुसिला आली. ती पेटीवर वाकली आणि वाकूनच राहिली. मागची रांग चुळबुळायला लागली, तरी ती हलेना. शेवटी ती सरळ झाली आणि थेट माझ्यापाशी आली. चेहरा राखेसारखा.

"समोर काढणार होतीस?"

माझी बोबडी वळली. "को... कोण म्हणालं?"

तिने पेटीकडे पाहिलं. मग माझा हात धरला, तिचा हात बर्फासारखा गार होता. "गाळा सोडलास, तेही म्हणाली. आणि तू रडलीस, तेही."

माझं दुकान आज पुढच्या चौकात आहे. ड्रुसिलाकडे गर्दी झाली की ती बायका माझ्याकडे पाठवते. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधी बोललो नाही. मयतांचे केस करायला थिओटिस मला अजून बोलावतो. मी जाते, पैसे घेते, पण तिथं आत असेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही.