अण्णांच्या डोक्याचं तेल

माझ्या सगळ्या गोष्टी सांगून झाल्या आहेत. लग्नांत, बाराव्याला, तिरुवैयारुच्या बसमध्येसुद्धा — मला फक्त ऐकणारे लागतात. ही एकच कुणाला सांगितली नाही. बायकोलाही नाही. का? थांबा, क्रमाने सांगतो.

इथे तमिळ मुलखात, राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीत माझे चुलतभाऊ अण्णा राहतात, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. त्यांची मराठी जुनी, स्वच्छ. माझी ऐकली की चारचौघांत म्हणायचे, "याची मराठी म्हणजे सांबारात पडलेली पोळी." लोक हसायचे. मीही हसायचो — नाहीतर काय करणार? मला तो माणूस आवडत नव्हता. आजही आवडत नाही.

मग मेंदूचा अभ्यास करणारी माणसं आली. घरात मराठी आणि बाहेर तमिळ बोलणाऱ्यांच्या डोक्यात काय चालतं, ते त्यांना पाहायचं होतं. तारांची टोपी घालून गोष्ट सांगायची, पडद्यावर मेंदूच्या लाटा उमटतात. पहिला मान अर्थात अण्णांचा. दिवस एकच — शनिवार. अटही एकच — केस शाम्पूने धुतलेले हवेत, तेलाचा थेंब नको. तेलकट डोक्यावर तारा काही टिपत नाहीत. अण्णांकडे फोन नाही. निरोप माझ्याकडे आला.

आणि मी काय सांगितलं? "अण्णा, शनिवार आहे. दर शनिवारसारखं तेल लावून न्हा, नीट चोपडा." किती गोड आवाजात सांगितलं म्हणता!

ते आले — कपाळापर्यंत चकाकत. तिळाच्या तेलाचा वास खोलीभर. तिथल्या मुलीने प्रत्येक तारेखाली पुन्हा पुन्हा जेल भरलं. पडद्यावर नुसता गोंधळ. "सर, निरोप मिळाला नव्हता का?" तिने अण्णांना विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोनदा सांगितलं की," मी म्हणालो.

ओरडतील, असं वाटलं होतं. त्याला उत्तरही तयार होतं. पण ते हळूच म्हणाले, "सांगितलं असशील रे. मी विसरलो."

टोपी मी घातली. माझे केस धुतलेलेच होते. लाटा म्हणे फार सुंदर आल्या.

तेव्हापासून अण्णांनी माझी एकही चूक काढलेली नाही. कुणाचीच काढत नाहीत. तोंड उघडतात आणि थांबतात — आपल्यालाच आठवत नसेल म्हणून. दर शनिवारी सकाळी माझ्या दारात येऊन विचारतात, "आज तेल लावायचं ना रे? की नको म्हणाला होतास?"

मी सांगतो, "लावा."