मागच्या बाकावर बसायचं राहिलं

आपल्याला विभागप्रमुख व्हायचंच नव्हतं, असं रत्नप्रभाबाई आगाशे चारचौघांत सांगत. ते काही खरं नव्हतं. व्हायचं होतं, आणि चांगलं मनापासून व्हायचं होतं. जयपुरातल्या विद्यापीठात भूगोल शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते आणि एक गोष्ट त्यांना वर्षानुवर्षं सलत होती. मास्तर वर्गात शिरला, त्यानं दार लोटलं, की आत काय चालतं ते तो जाणे आणि त्याचा देव जाणे. चांगलं शिकवलं तरी कुणी पाठ थोपटत नाही, वाईट शिकवलं तरी कुणी सावरायला येत नाही. मुलं बापडी बाजारातून पासबुक, म्हणजे तयार उत्तरांचं गाइड, आणून पाठ करत आणि पास होत. आपल्या हातात खुर्ची आली की हे बदलायचं, असं बाईंनी कधीच ठरवून ठेवलं होतं.

सन पंचाऐंशीच्या जुलैत पाळीनं ती खुर्ची आली. तीन वर्षांची मुदत. पहिल्याच बैठकीत बाईंनी आपला बेत मांडला. प्रत्येकानं आठवड्यातून एकदा दुसऱ्याच्या वर्गात जायचं आणि मागच्या बाकावर बसून ऐकायचं. मग चहा घेता घेता दोघांनी बोलायचं. तपासणी नाही, शेरा नाही, कुठे काही लिहून ठेवायचं नाही.

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंच्या खालोखाल वडीलधारे नंदकिशोर माथुर म्हणाले, "अति उत्तम विचार है, मॅडम." विभागात माथुरसाहेब एखाद्या विचाराला अति उत्तम म्हणाले की त्याला मूठमाती मिळाली असं समजायचं असतं, हे इतक्या वर्षांत बाईंना कळायला हरकत नव्हती. पण माणूस आपल्याच बेतावर खूश असला की त्याला ऐकू कमी येतं.

महिना गेला तरी कुणी कुणाच्या वर्गात गेलं नाही. तेव्हा बाई म्हणाल्या, आपणच सुरुवात करू, आणि माथुरसाहेबांच्याच वर्गात गेल्या. त्या दारात दिसताच सगळा वर्ग खडखडाट करत उभा राहिला. माथुरसाहेब व्यासपीठावरून खाली उतरले, त्यांनी हात जोडले, "पधारिए मॅडम, पधारिए" म्हणत खडू बाईंच्या हातात दिला आणि मुलांना सांगितलं, की आज साक्षात विभागप्रमुख मार्गदर्शन करणार आहेत. मग स्वतः पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले. वडीलधारं माणूस आलं की आपण उंच जागी उभं राहायचं नाही, ही तिकडची रीत. त्यात खोट काहीच नव्हती. बाईंना मुकाट्यानं तास घ्यावा लागला. दुसऱ्या वर्गात गेल्या तर तिथेही तेच. तिसऱ्या ठिकाणी जायच्या आधीच शिक्षकांच्या खोलीत बोभाटा झाला, की मॅडम चुका हुडकत फिरतात, गुप्त अहवालात लिहिणार आहेत. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! बाईंनी तो बेत गुंडाळून ठेवला.

पण बेत गुंडाळला म्हणून झालेलं नुकसान थोडंच भरून येतं? पूर्वी बाई शिक्षकांच्या खोलीत बसत, मुगाच्या कचोरीत वाटा घेत, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते ऐकत. आता त्या आत पाऊल टाकायचा अवकाश, बोलणं जागच्या जागी थांबे. सगळे उठून उभे राहत. चहासुद्धा शिपाई भंवरलाल वेगळ्या कपात, बशीनं झाकून, त्यांच्या खोलीत आणून ठेवी. कौतुकानंच ठेवी बिचारा. बाई तो एकट्या पीत आणि समोरच्या भिंतीकडे बघत.

घरी तरी कोण होतं? वडील सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते. त्यांची बदली वाईहून पुण्याला आणि पुण्याहून जयपूरला झाली, तेव्हा रत्ना कॉलेजात होती. वडील इथेच निवर्तले, आई त्यांच्या मागून गेली, भाऊ नागपूरला स्थायिक झाला. लग्नाचं आज करू उद्या करू म्हणता म्हणता ते राहूनच गेलं. शहराच्या टोकाला मानसरोवर वसाहतीत हाउसिंग बोर्डाचं घर मिळालं ते नवं कोरं होतं, पण ओळीतली निम्मी घरं अजून कुलूपबंद होती. दिवसभर वारा मोकळ्या जागेतली रेती आणून उंबऱ्याशी टाकी. बाई संध्याकाळी बसमधून उतरत, ती रेती झाडत, कुकर लावत. गणपतीत महाराष्ट्र मंडळात जाऊन यायच्या तेवढंच मराठी कानावर. एरवी मराठी बोलायचं ते स्वतःशीच, आणि तेही हळूहळू कमी होत चाललं होतं.

त्याच वर्षी वासंती खांबेटे विभागात नवी लागली होती. विमा कंपनीतल्या अधिकाऱ्याची मुलगी, जन्म आणि शाळा सगळं जयपूरचं. पहिल्या दिवशी बाईंशी मराठीत बोलायला गेली आणि मध्येच अडकली. "मॅडम, माझी मराठी एकदम बेकार आहे. हसायचं नाही हां. मतलब, आई मराठीत ओरडते आणि मी हिंदीत उत्तर देते." बाई हसल्या. त्या खुर्चीत बसल्यापासून हसायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी.

वासंतीची नेमणूक उमेदवारीवर होती. पुढे कायम करायचं की नाही हे ठरवताना विभागप्रमुखाचं मत पहिलं. म्हणजे तिला कुणाची धास्ती वाटावी, तर बाईंचीच.

तिचा वर्ग भरे ती खोली आणि शेजारची नकाशांची खोली मुळात एकच. मध्ये प्लायवूडचा पडदा ठोकून दोन केलेल्या. तो पडदा छतापर्यंत पोचत नव्हता. एकदा बाई एक फाटका नकाशा शोधायला तिथे गेल्या आणि पलीकडून वासंतीचा आवाज आला. बारीक, घाईघाईचा, फळ्याकडे तोंड करून लिहून देणारा. मग एका मुलाचा आवाज. "मॅडम, सांभर में तो नदियों का मीठा पानी आता है, फिर झील खारी क्यों है?"

पलीकडे खडू थांबला. मग वासंती म्हणाली, "यह परीक्षा में नहीं आता."

वर्ग खदखदून हसला. बाकं सरकली, मागचं दार वाजलं, मुलं बाहेर पडू लागली. घंटा व्हायला अजून अवकाश होता. शेवटी नुसता फळा पुसल्याचा आवाज राहिला. पुसलेलाच फळा ती पुन्हा पुन्हा पुसत होती. आणि मग मुसमुसणं.

एका फळीपलीकडे पोर रडत होती. उठून जावं, पाठीवर हात ठेवावा, "अगं, सगळ्यांचं होतं असं," म्हणावं. पण हात ठेवणार कोण? विभागप्रमुख! आपलं रडणं साहेबांनी ऐकलं म्हटल्यावर ती आणखी खचली असती. बाई नकाशा मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिल्या, पलीकडे पावलं निघून जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वासंतीला चहाला बोलावलं. "वर्ग कसा चाललाय?" हे विचारलंच नाही. आपल्याच गोष्टी सांगायला लागल्या. "सुरुवातीला माझी काय तऱ्हा होती म्हणून सांगू! मी फळ्याशीच बोलायचे. मागून मुलं उठून गेली तरी पत्ता नसायचा. एकदा मागे वळले तर वर्गात मी आणि पृथ्वीचा गोल, दोघंच."

वासंतीनं डोळे विस्फारले. "तुम्ही? खरंच?"

"तर काय! आणि प्रश्न विचारला कुणी की ततपप. मग एक युक्ती केली. उत्तर येत नसलं की तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाकायचा. म्हणायचं, हे मलाही शोधायचंय, उद्या बोलू. पण उद्या म्हणजे उद्या हं, टाळायचं नाही."

यातला एकही शब्द खरा नव्हता. पहिल्या दिवसापासून मुलं बाईंना टरकून होती, त्यांच्या तासाला मागचं दार उघडायची कुणाची छाती नव्हती. पण त्या दिवसापासून बाईंनी चुका करायला सुरुवात केली. पलीकडे वासंती जी चूक करी, ती बाई दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आपल्या नावावर मांडत. खोटं बोलण्यात माणूस इतका पारंगत होऊ शकतो, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटे.

नकाशांच्या खोलीत बसायला त्यांना निमित्तही झकास मिळालं होतं. विभागाचे जुने नकाशे घड्यांवर विरले होते. बाई खळ शिजवून आणत आणि एकेका नकाशाला मागून कापड चिकटवत. हात नकाशावर, कान पडद्याकडे. हे चोरून ऐकणंच आहे, हे त्यांना कळत होतं आणि टोचतही होतं. दुसऱ्या वर्षी तर फाटके नकाशे संपले. तेव्हा बाई धडधाकट नकाशाचा कोपरा नखानं उचकटत आणि पुन्हा चिकटवत. विभागप्रमुख बाई आणि हे असले उद्योग!

पण फळ मिळत होतं. एक दिवस पलीकडे फळ्याच्या कोपऱ्यात खडू टकटकला. "यह मुझे भी ढूँढना है," वासंती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं खरंच सांगितलं, की सांभर सरोवरात पाणी आत येतं पण वाहून बाहेर जात नाही. उन्हानं पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. पुढे पुढे ती मुठीत रेती घेऊन वर्गात यायला लागली. टेबलावर रेती ओतून, तोंडानं फुंकर घालून वाळूची टेकडी कशी सरकते ते दाखवे. मुलं पुढे गर्दी करत. एकदा वर्ग पुन्हा खदखदून हसला, पण या खेपेला तिच्याबरोबर. बाईंच्या हातात खळीचा ब्रश होता म्हणून, नाहीतर त्यांनी टाळीच वाजवली असती. एवढा आनंद झाला आणि सांगायला माणूस नाही! त्या दिवशी मानसरोवरला गेल्यावर त्यांनी पिठलं ढवळता ढवळता मोठ्यानं म्हटलं, "काय सुरेख शिकवलंन पोरीनं!" रिकाम्या घरात तो आवाज त्यांनाच कसासा वाटला.

वासंती कायम झाली. बाईंच्या मनात मात्र एकच इच्छा घर करून बसली होती. पडद्याआडून पुरे झालं. एकदा तिच्या वर्गात उजळ माथ्यानं जायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि ती रेतीची टेकडी डोळ्यांनी बघायची. मग दोघींनी एकाच किटलीतला चहा घ्यायचा आणि पोटभर बोलायचं, चुका खोट्या न रचता. ज्यासाठी खुर्ची हवी होती ते हेच. आणि खुर्ची होती तोवर तेवढंच करता येत नव्हतं. प्रमुखानं "येऊ का?" विचारलं की तो हुकूम होतो. तेव्हा मुदत संपू दे, आपण पुन्हा साध्या शिक्षिका होऊ दे, मग विचारू. शेवटचं वर्ष बाईंनी त्या एका आशेवर काढलं. लोक खुर्ची सुटणार म्हणून झुरतात, या बाई सुटायची वाट बघत होत्या.

अठ्ठ्याऐंशीच्या जुलैत माथुरसाहेबांची पाळी आली. निरोपाच्या दिवशी सकाळीच बाईंनी वासंतीला गाठलं. "संध्याकाळी स्टॉपपर्यंत बरोबर चल. तुला एक विचारायचंय." बोलताना त्यांना चक्क लाजल्यासारखं झालं.

दुपारी समारंभ झाला. शाल, नारळ, झेंडूचा हार, मिर्ची बडे. माथुरसाहेबांनी बाईंचा कारभार अति उत्तम ठरवला. मग वासंती बोलायला उभी राहिली. आता तिचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ पोचत होता. ती म्हणाली, "मैं नई थी, डरी हुई थी. मॅडम चाहतीं तो रोज़ आकर मेरी क्लास देख सकती थीं. लेकिन तीन साल में मॅडम ने एक बार भी मेरी क्लास में क़दम नहीं रखा. इतना भरोसा मुझ पर किसी ने नहीं किया. मैं जो कुछ बनी हूँ, उस भरोसे से बनी हूँ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वासंती वाकून बाईंच्या पाया पडली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला खरा, पण चेहरा कसा करावा ते त्यांना सुचेना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हार गळ्यात असल्यामुळे लोकांना वाटलं, मॅडम गहिवरल्या.

संध्याकाळी दोघी स्टॉपकडे निघाल्या. शाल आणि नारळ वासंतीनं आपल्या हातात घेतला होता. बाईंनी मनाशी अजून धीर धरला होता. भाषणात माणूस काहीबाही बोलतो, प्रत्यक्षात विचारायला काय हरकत आहे?

एवढ्यात वासंतीच म्हणाली, "मॅडम, एक खरं सांगू? पहिल्या वर्षी मला रोज भीती वाटायची, आज मॅडम येतील. मतलब, मागे कोणी बसलं की माझी बोलतीच बंद होते. अजून पण. परवा बाहेरचे एक प्रोफेसर येऊन बसले होते, तर मी सगळं विसरली. तुम्ही आला असता ना, तर मी नोकरीच सोडून दिली असती."

"हो?" बाई म्हणाल्या.

"बिलकुल. तुम्ही नाही आलात, म्हणून तर मी आहे."

स्टॉपवर गर्दी होती. मानसरोवरची बस वळणावर दिसली. वासंतीला एकदम आठवलं. "अरे हो, तुम्हाला काही विचारायचं होतं ना मला?"

बाईंनी तिच्या हातातून शाल आणि नारळ घेतला. "काही नाही गं," त्या म्हणाल्या. "आईची तब्येत कशी आहे, एवढंच विचारायचं होतं."

"एकदम छान आहे."

"बरं झालं," म्हणून बाई बसमध्ये चढल्या. खिडकीशी जागा मिळाली. खाली उभी राहून वासंती बस हलेपर्यंत हात करत होती. एवढ्या मोठ्या शहरात एकटी ती आपल्याला जीव लावते, आणि लावते ते आपण तिच्याकडे कधी गेलो नाही म्हणून, हे बाईंना त्या गर्दीत लख्ख कळलं. आता उरलेल्या नोकरीत जायचं नाही, हे ओघानंच आलं. त्यांनी नारळ मांडीवर नीट धरला आणि कंडक्टरला मानसरोवरचं तिकीट मागितलं.