माझ्या बॅगेतली पोटगी

कोर्टात बेलिफाची नोकरी केली. लोकांनी दिलेल्या शिव्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. शिव्या खायचाच तो पगार. पण परंदवडी गावातल्या त्या शुक्रवारी माझं डोकं जे फिरलं, ते अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

वॉरंट पोटगीच्या थकबाकीचं होतं. नवरा कंपनीत कामाला. बायको मुलीला घेऊन लोणावळ्यात राहायची, एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात राबायची. जप्तीची वस्तू दाखवायला तीच माझ्यासोबत आली होती. मी मोटारसायकलला हात लावल्याबरोबर नवऱ्याने घरातून नोटा आणल्या. सगळ्या, एकरकमी! इतकी वर्षं कुठे दडल्या होत्या देव जाणे. मी पावती फाडली आणि पैसे बॅगेत टाकले.

"भाऊ, द्या की हितंच," ती म्हणाली. "पोरीच्या नर्सिंगची फी सोमवारपतुर भरायचीय. न्हाईतर जागा जाती."

"ताई, पैसे तुमचेच आहेत. पण मला ते कोर्टातच भरावे लागतात."

"माजंच हायेत, तर कोर्टाला कशापायी?"

नवरा ओट्यावर बसून हसला. "मी दिलं बरं का. आता घे कोर्टाकडनं." लबाडाला सगळं ठाऊक होतं. साडेतीन वाजून गेलेले, पैसे भरायची खिडकी बंद, उद्या दुसरा शनिवार.

नियम खुळा असता तर बरं झालं असतं. आमच्यातल्या एकाने असेच पैसे रस्त्यात एका बाईच्या हातात दिले होते. सासऱ्याने ते तिच्याकडून काढून घेतले आणि धाकाने तिने कोर्टात सांगितलं, मला काही मिळालंच नाही. त्या बेलिफाची नोकरी गेली. मलाही घरी दोन मुलं होती. मी बॅगेची चेन ओढली.

सोमवारी कोर्ट उघडताच मी कोर्टाचा पैसा सांभाळणाऱ्या नाझरच्या टेबलापाशी हजर. पैसे भरले. मग तिचा अर्ज, वकिलाने पटवायची ओळख, न्यायाधीशांची सही, आणि न्यायाधीश रजेवर. कागद घेऊन मी स्वतः टेबलाटेबलाला फिरलो, भांडलो. दहाव्या दिवशी चेक निघाला. नर्सिंगची जागा सोमवारी संध्याकाळीच दुसरीला गेली होती.

चेक घेताना ती रडलीबिडली नाही. मुलीला म्हणाली, "पाया पड भाऊंच्या. लय फिरलं आपल्यासाठी."

मुलगी वाकली. "ऊठ आधी!" मी खेकसलो. पोर दचकून आईच्या मागे सरकली. तिला वाटलं, मी तिच्यावरच चिडलोय.