येळवशीचा रिकामा हंडा

१६ जून, सोमवार. जळकोटचा स्टँड, सकाळची लातूरची गाडी.

हजर: दादा, म्हणजे माझे वडील. माय. धाकटा भाऊ दिगंबर. आणि नानी काकू, म्हणजे दादांच्या भावाची बायको. गैरहजर: काका. पेरणीला वापसा झाला होता, त्यामुळे त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.

सामान: पत्र्याची पेटी, वळकटी, नांदेडला केलेल्या हॉटेलच्या स्वयंपाकाच्या कोर्सचे कागद, आणि फडक्यात बांधलेली शिदोरी. मायनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिलीच होती. तरी गाडी सुटायच्या बेताला काकूनं पदराखालून धपाट्यांचं आणखी एक गाठोडं काढलं आणि खिडकीतून आत ढकललं.

"एवढं कोण खाणार काकू?"

"तू खा. उरलं तर शेजारची खाईल. गाडीत काय तू एकलीच हायस व्हय?"

अहमदपूरच्या पुढे मी खरंच शेजारच्या बाईला धपाटं दिलं. तिनं मला पेरू दिला. लातूरला गाडी बदलली, पुण्याच्या गाडीत पुन्हा तेच झालं. पुण्यात उतरले तेव्हा फडकं रिकामं होतं. उरलंही नव्हतं आणि कमीही पडलं नव्हतं. त्यावर मी तेव्हा विचार केला नाही. वयही विचार करण्याचं नव्हतं.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे: जे गावात राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखेच त्या गाडीत बसून आलात आणि आता सणाला दोन दिवसांची रजा टाकून जाता, त्यांच्यासाठीही.

पुण्यात मी एका मोठ्या कंपनीच्या कॅन्टीनच्या स्वयंपाकघरात लागले. पहिल्याच आठवड्यात दुपारचं जेवण संपल्यावर दोघांनी भाताचं पातेलं उचललं आणि निळ्या ड्रममध्ये ओतलं. वाफ येत होती भाताला. मागून वरण, मागून भाजी. ट्रेमधून परत आलेलं वेगळं. मी तेव्हा चौकातल्या बूथवरून घरी फोन करायचे. त्या रविवारी मी दादांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आन् तुमी समदे बघत बसता?"

मला तेव्हा वाटलेली लाज पुढे बरीच वर्षं कामाला आली. मी साधी बाई आहे, मला भाषण करता येत नाही. मला मोजता येतं. कॅन्टीनची व्यवस्था माझ्या हातात आली तसं मी मोजायला लागले. किती माणसं आली, कोणत्या वारी कोणती भाजी परत आली, पोळ्या किती वाजता संपल्या. भात एकदम लावायचा बंद केला, लागेल तशी बॅच. वाढायच्या मोठ्या पळ्या काढून लहान आणल्या. हवं तर पुन्हा घ्या, पण आधी थोडं घ्या. जेवणाचं आदल्या दिवशी मोबाईलवर कळवायचं, जो कळवेल त्याचं पान धरायचं. ट्रे परत करायच्या जागी एक बोर्ड लावला, काल किती अन्न टाकलं ते लिहायला. आधी लोक हसले. मग बोर्डाकडे बघायला लागले. मग तो निळा ड्रम अर्धाच भरू लागला, आणि काही दिवस तर तळालाच राहू लागला. मला मीटिंगमध्ये उभं करून टाळ्या वाजवल्या. दादा तोवर गेले होते, नाहीतर मी त्यांना सांगितलं असतं.

या सगळ्या काळात गावाकडे जे झालं ते मला फोनवरून तुकड्यातुकड्यानं कळत होतं. दादा गेल्यावर आमच्या आणि काकांच्या रानामधल्या बांधावरून गाडीवाट कुणाची, यावरून तंटा झाला. काकांच्या मुलांनी वाट नांगरली, दिगंबरनं दगड टाकले. बोलणं बंद झालं, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या. काका वारले तेव्हा माय त्यांच्या घरी गेली, पण भिंतीपाशी बसली आणि न बोलता उठून आली. ज्या काकूनं मला न्हाऊमाखू घातलं, ती समोर दिसली की माय मान वळवायची आणि मग दिवसभर चिडचिड करायची.

गेल्या येळवशीला मी रजा काढून गेले. लातूर-नांदेडच्या लोकांना येळवस समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच: मार्गशीर्ष सरताना येणाऱ्या या अमावास्येला आमच्याकडे घराला कुलूप लावून सगळे रानात जातात. कडब्याची कोप उभी करतात, आत पाच दगड पांडव म्हणून मांडून पूजा करतात आणि तिथेच जेवतात. सगळ्या ओल्या शेंगांचे दाणे आणि मिळतील त्या भाज्या घालून केलेली भज्जी, ताक आणि ज्वारीच्या पिठाची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आपल्या रानात जेवायचं आणि मग दुसऱ्याच्या रानात जायचं. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारायची. ओळख लागत नाही.

मी पोचले तेव्हा शोभा, दिगंबरची बायको, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. शेंगांचा डोंगर होता. तिनं मला बघितल्याबरोबर गाऱ्हाणं मांडलं.

"आक्का, गेल्या साली दोन घमेली भज्जी म्हशीपुढं ओतली. माझे हात गेले सोलून सोलून. तुमी सांगा मायला. माझं काय ऐकून राहिल्या त्या?"

म्हैस खाते म्हणून ते वाया गेलं नाही, असं माय म्हणाली. मी म्हटलं, म्हशीसाठी शोभानं पहाटे उठायचं का? शोभा खाली मान घालून हसली. त्या क्षणी मला फार बरोबर वाटत होतं, आणि अजूनही वाटतं की शोभाचं खोटं नव्हतं.

मी विचारलं, "माय, माणसं किती?"

"शिवार येईल तेवढं."

"शिवार म्हणजे कोण कोण ते सांग ना."

ती सांगत गेली, मी बोटांवर धरत गेले. शेवटी ती म्हणाली, "आन् नानी."

दिगंबर बाजेवरून उठून बसला. मायनं चार दिवसांपूर्वी बांधावर उभं राहून काकूला हाक मारली होती, 'येळवशीला ये गं' म्हणून. काकू हरभरा खुडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग येणार आहे का ती?" मी विचारलं.

"बोलावलंय."

"हो म्हणाली का?"

"बोलावलंय म्हणलं ना."

माझ्या कामात कळवल्याशिवाय पान धरत नाहीत. मी काकूच्या घरचं कुणीच धरलं नाही. डाळी, दाणे, पीठ माझ्या अंदाजानं काढून दिलं. माय डब्यातून आणखी एक ओंजळ पीठ काढायला गेली तेव्हा मी तिचा हात धरला आणि हसत म्हटलं, "पुरे." तिनं पीठ परत डब्यात टाकलं. लेकीचं शिकलेपण तिनं नेहमीच मानलं आहे.

रानात सगळं छान झालं. मी स्वतः वाढायला उभी होते. शोभासाठी पुण्याहून कॅन्टीनसारखीच लहान पळी नेली होती, त्याच पळीनं वाढत होते. वरच्या रानातले मारोती मामा पळीकडे बघत राहिले.

"सुमन, ही पळी हाय का खोकल्याच्या औषधाचं झाकण?"

"आधी थोडं घ्या मामा, मग परत घ्या."

"परत परत मागाया मी काय जावई हाय? बरं, पुण्याची लोकं चिमणीवानी खात असतील. वाढ."

सगळे हसले. मीही हसले. कुणाच्या पानात काही राहिलं नाही. उन्हं कलली तेव्हा भज्जीचा हंडा तळापर्यंत पुसल्यासारखा झाला होता, उंड्यांची पाटी रिकामी, आंबिलीच्या मडक्यात घोटभर. मी वाकून हंड्याच्या आतला फोटो काढला आणि कॅन्टीनच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या शिवारातलं जेवण. उरलं: शून्य.'

मी मोबाईल खाली ठेवते तोवर बांधावरून काकू येताना दिसली. नवं लुगडं, डोक्यावर फडक्यानं झाकलेलं लहान मडकं, मागे सून. काकू बांधावर क्षणभर थांबली. मग वाट नांगरलेली होती तिथून, ढेकळांतून, हळूहळू आली.

माय उठली. तिचे गुडघे दुखतात, पण तिला उठायला कुणाचा हात लागला नाही. काकूनं मडकं तिच्यापुढे ठेवलं.

"घे. आंबील हाय. ताक माझ्याच म्हशीचं, तुझ्या रानात चरलेल्या."

माय हसली. इतकी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "चोर हाय तुझी म्हैस पयल्यापासून," म्हणाली. "बस. बस गं. शोभा, पानं घे."

शोभानं माझ्याकडे बघितलं. मी हंड्याकडे. मायनंच पुढे होऊन हंड्यावरचं झाकण काढलं.

झाकण तिच्या हातात तसंच राहिलं. काकूला बसल्या जागेवरून हंड्याचा तळ दिसत होता. शोभा उठली आणि मारोती मामांच्या रानाकडे पळत सुटली, तिकडून काहीतरी आणायला.

"कशाला पळवून राहिलीस पोरीला," काकू म्हणाली. "आमी जेवूनच निघालो व्हतो." तिच्या सुनेनं तिच्याकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली. मग काकू मला म्हणाली, "सुमन, लई दिसांनी. बरं हाय ना पुण्याला?"

"बरं आहे काकू."

"यंदा मोजून रांधलं म्हणं तुमच्याकडं. मारोती वाटंत भेटला व्हता, सांगत व्हता. चांगलं हाय. आमची पानं तेवढी मोजायची राहिली."

हे तिनं मायकडे बघून म्हटलं. माझ्याकडे बघून नाही. तिच्या लेखी मायनं बांधावरून हाक मारली होती ती चार लोकांना ऐकवायला, आणि घरी येऊन त्यांच्या नावाचं पीठच काढलं नव्हतं. मी तेव्हा एक वाक्य बोलायला हवं होतं. 'काकू, मोजलं मी, मायनं नाही.' एवढंच. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी पळी हातात घेऊन उभी होते. मोबाईल खाली पडला होता आणि वाजत होता, ग्रुपवरची माणसं अंगठे आणि फुलं पाठवत होती.

काकूनं कोपीतल्या पांडवांना हात जोडले आणि आली तशी ढेकळांतून परत गेली. शोभा मामांकडची भज्जी घेऊन धापा टाकत आली तेव्हा बांधाच्या पलीकडे फक्त लुगड्याचा रंग दिसत होता. माय म्हणाली, "राहू दे. दुसऱ्याच्या हंड्यातलं वाढून घ्यायला आली न्हवती ती."

मला वाटलं होतं माय बोलेल, चिडेल. तिनं काकूची आंबील वाटीत ओतली आणि सावकाश पीत बसली. मग मला म्हणाली, "तुझं बरोबरच हाय. वाया काई गेलं न्हाई."

मी पुण्याला परत आले. काम थांबत नाही आणि थांबवूही नये. ताजा भात ड्रममध्ये ओतणं हे मला आजही पाप वाटतं. पण परतल्यावर पहिल्याच दिवशी एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस समोर असून दिसली नव्हती. सफाईच्या बायका सगळ्यांच्या शेवटी, जे उरेल ते जेवायच्या. त्यांच्याकडे मोबाईलवर कळवायची सोय नव्हती, कारण त्या कंपनीच्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या. त्यांतली एक आमच्याच भागातली, लोह्याकडची. त्या आता घरून डबे आणत होत्या. कधीपासून, विचारलं तर ती म्हणाली, "तुमी ते बोर्ड लावलं ना म्याडम, तवापासून." तक्रार म्हणून नाही, सहज. मी त्या आठवड्यात व्यवस्थापकांशी भांडून त्यांची पानं धरायला लावली. रोज, न कळवता. ते काम झालं. ती मला आता गावाकडचं बोलते, आणि मला तिच्याशी बोलताना अजून अवघडायला होतं.

इथे माझं स्वतःचं घर आहे. मुलं इथली आहेत. आम्ही चौघं, कुकरला चौघांचा भात. कुणी यायचं असेल तर आधी फोन करतं, आम्हीही करतो. त्यात वाईट काही नाही, शहर असंच चालतं. पण गाव म्हटलं की मला आता रान, घर, स्टँड काही आठवत नाही. पीठ घ्यायला डब्यात गेलेला मायचा हात आठवतो, आणि त्यावर ठेवलेला माझा.

मी मायला फोनवर म्हटलं, मी काकूला पत्र लिहिते, सगळं खरं सांगते. माय म्हणाली, "कागदानं काय व्हतंय? तिच्या दारात जा. भूक लागली म्हण. वाढलं तर मिटलं." उपाशी परत गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन मागून जेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मला ती माहीत होती. फक्त ती माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं.

त्यानंतर मी दोनदा गावी जाऊन आले. एकदा काकूच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. काकू वाढणार नाही, ही भीती मला नाही. मी न सांगता जाईन, आणि तिच्या टोपल्यात माझ्यापुरती भाकरी निघेलच, हे मला पक्कं ठाऊक आहे. तीच भाकरी समोर घेऊन बसायचं धाडस होत नाही.

काकूचं वय झालं आहे. माय दर फोनला शेवटी विचारते, "जेवलीस का नानीकडं?"

अजून नाही.