टाकीतला पंप
मेकॅनिकनं ‘टाकीतला पंप गेला’ म्हटलं, की तुम्हीही आधी त्याला चोरच समजता ना? पेट्रोलचा वास आला की मला सुप्याजवळची ती सकाळ आठवते. बहिणीला परीक्षेसाठी नगरला नेत होतो. मोटारसायकलसारखीच कारही रिझर्व्हवर रेटायची आमच्या घरची सवय, त्यामुळं पेट्रोल वाटेतच संपलं. बाटलीभर आणून ओतलं, तरी गाडी सुरू होईना. जवळच्या गॅरेजातून बोलावलेला मेकॅनिक म्हणाला, “दादा, पंप जळाला. पेट्रोलमधी बुडालेला असला तरच थंड ऱ्हातो त्यो. मी चावी फिरवतो, तुमी मागच्या सीटला कान लावा, खालच्या टाकीतनं पंपाची घरघर येती का बघा.” मी उसळलो, “लुटायची ही रीत मला ठाऊक आहे!” “लुटायला तुमच्या टाकीत हाय काय?” तो हसला. मी तासभर हुज्जत घातली. शेवटी बहिणीनंच कान लावला आणि म्हणाली, “काहीच वाजत नाही रे.” गाडी तिथंच सोडून एसटीनं नगरला पोचलो, तेव्हा परीक्षा केंद्राचं फाटक बंद झालं होतं. संशय घेणं मी आजही सोडलेलं नाही. तुम्हीही खुशाल भांडा, पण सोबतच्या माणसाला आधी एसटीत बसवून द्या.