उज्वलाताईंचं पूर्ण मिनिट

पावणे गावातल्या कारखान्यांमागच्या त्या गल्लीत शिरलं की उज्वलाताई झोपेत चालल्यासारख्या चालायच्या. खाडीवरून येणारा खारट वारा, कुठल्याशा कारखान्याचा गोडसर वास, पत्र्यांवर सांडलेलं पांढरं ऊन, सगळं अंगावर घेत घेत. त्यांच्यामागून वह्या, वजनकाटा आणि छत्री सांभाळत मी चरफडत असायची. माझा स्वभाव मुळातच तापट. त्या मागे न बघता म्हणायच्या, "संघमित्रा, घाई केलीस की माणसं दारं लावून घेतात."

पस्तीस वर्षं त्या नर्स होत्या. निवृत्तीनंतर घरी बसायचं सोडून त्यांनी हे काम घेतलं: जिथे डॉक्टर पोचत नाही अशा वस्त्यांमधून, तिथेच राहून घरोघरी आरोग्य बघणाऱ्या आशाताई निवडायच्या आणि त्यांना शिकवायचं. मलाही त्यांनीच नऊ वर्षांपूर्वी असंच एका वस्तीतून उचललं.

निवडायची त्यांची रीत निराळी होती. बाकीचे लोक अर्ज मागवतात. ताई नळावर जाऊन बसायच्या आणि प्रत्येकीला एकच विचारायच्या, "लेकरू कुणाकडे ठेवून पाण्याला आलीस?" जिचं नाव जास्त बायका घेतील ती आपली. दाखले वगैरे नंतर. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणायच्या.

या गल्लीला मात्र कुणी टिकत नव्हतं. तीन मुली शिकल्या आणि तिघीही सीवूड्सकडच्या खाजगी दवाखान्यांत गेल्या. महिन्याला ठरलेला पगार कुणाला नको असतो? पण गल्ली पुन्हा रिकामी ती रिकामीच. ताईंचे गुडघे आता जिने चढू देत नव्हते, हा त्यांचा शेवटचा वर्ग होता. "या गल्लीला एक बाई मिळू दे, राहणारी," त्या म्हणायच्या, "मग मी सुटले." त्यांच्या स्वप्नातसुद्धा म्हणे ही गल्ली यायची. सगळी दारं उघडी, आणि एक बाई एका घरातून दुसऱ्या घरात जातेय. तिचा चेहरा काही दिसत नाही.

नळावरच्या चौदापैकी अकरा बायकांनी राहीबाईचं नाव घेतलं. साताऱ्याकडची, नवरा मार्केटमध्ये माथाडी, स्वतः दहावी पास. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. वर्गाला आली आणि भिंतीला टेकून बसली.

वर्ग विहारात भरायचा, दुपारी. ताईंचा आवडता धडा श्वास मोजण्याचा. त्यासाठी गल्लीतलीच सोनम तिच्या सात महिन्यांच्या मुलीला घेऊन यायची. "आधी बाळ झोपू दे," ताई सांगायच्या, आणि मग अख्खा वर्ग एका बाळाच्या झोपेची वाट बघत बसायचा. पंखा कुरकुरायचा. बायकांच्या माना कलायच्या. बाहेर कंटेनरचे ट्रक जायचे, पण तो आवाजही फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा वाटायचा. मलासुद्धा अशा वेळी रागवावंसं वाटायचं नाही.

बाळ झोपलं. ताईंनी झबलं अलगद वर केलं, घड्याळ हातात घेतलं. "पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धं मोजून दुप्पट करणारी मला नको. वर्षाच्या आतलं बाळ, दोन महिने झालेलं, पन्नास किंवा त्याच्या वर गेलं तर दवाखाना. आणि श्वास घेताना बरगड्यांच्या खाली असा खड्डा पडत असेल, तर उचला आणि पळा." खड्डा कसा पडतो ते त्यांनी स्वतःच्या पोटावर हात दाबून दाखवलं.

राहीबाई उठली आणि अनवाणीच निघून गेली. दोन दिवस आली नाही.

मग सोनम बोलली. तीन वर्षांपूर्वी राहीबाईचा यशराज गेला, आठ महिन्यांचा होता. तेव्हापासून ती गल्लीतलं कुठलंही लेकरू खाली ठेवत नाही, म्हणून सगळ्या तिच्याकडे देतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा जणींनी नाव घेतलं आणि एकीलाही हे सांगावंसं वाटलं नाही?

"आमाला वाटलं तुमाला म्हाईत आसंल," सोनम म्हणाली.

"चूक माझी," ताई म्हणाल्या. "मी नाव विचारलं. तिच्याकडेच का, ते कधी विचारलं नाही."

आम्ही तिच्या घरी गेलो. राहीबाई कुणाचंतरी मूल मांडीवर घेऊन बसली होती. चहा नाही, पाणी नाही. तिने सरळ विचारलं, "ताई, त्याला बी तसाच खड्डा पडत हुता. मी सासूबाईस्नी दावला. त्या म्हनल्या, सर्दी हाय. ओव्याची धुरी दिली, छाती शेकली. तवाच दवाखान्यात न्हेला असता, तर?"

मी मनात म्हटलं, ताई, आता खोटं बोला. आयुष्यात एकदा खोटं बोला.

"बहुतेक वाचला असता," ताई म्हणाल्या.

मला ताईंचा इतका राग कधीच आला नव्हता. जखमेवर मीठ चोळायला इतक्या लांब आलो होतो का आम्ही?

राहीबाई मात्र त्यांच्याकडे बघत राहिली. "तीन वरसं समदी म्हनत्यात, त्याचं आयुष्यच तेवढं हुतं," ती सावकाश बोलली. "मला वाटायचं, मला भास झाला. म्हंजी मला दिसलं ते खरं हुतं."

"खरं होतं. तुला दिसलं होतं. त्याचा अर्थ सांगायला या गल्लीत कुणी नव्हतं, आणि ते माणूस आणायचं काम आमचं होतं. आम्ही आणलं नाही." ताईंचे डोळे भरून आले होते. "तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी पुन्हा विचारणार नाही."

परत येताना खाडीवर धुरकट ऊन पसरलं होतं, ताई त्यातून हळूहळू चालत होत्या, आणि मला वाटलं, ही गल्ली आता यांना जन्मात मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी राहीबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. सोनमच्या मुलीला तिने स्वतःच झोपवलं. मग झबलं वर केलं, ताईंच्या हातातलं घड्याळ मागून घेतलं आणि मोजायला लागली. दहाच्या आतच तिचे डोळे वाहायला लागले. पाणी हनुवटीवरून पदरावर पडत होतं, ते पुसायला तिने हात उचलला नाही. ओठ हलत राहिले. मी घड्याळाकडे पाहिलं, मिनिट पुरं झालं.

"बेचाळीस," ती म्हणाली. "लेकरू चांगलं हाय."